मागच्या वेळी काय कबूल केलं होतं? नागरी सेवांनी रहिवाशांसमोर हिशेब द्यायची बैठक कशी घ्यावी

आमच्या रहिवासी बैठकीत पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यांनी सलग तीन वेळा एकच तक्ता दाखवला. वरची तारीख तेवढी बदललेली. चौथ्या बैठकीच्या आदल्या रात्री फोनमधले जुने फोटो चाळताना एकाच्या ते लक्षात आलं. अधिकाऱ्यांवर राग काढणं सोपं होतं. पण साठ-सत्तर माणसं तो तक्ता तीनदा पाहून, माना डोलावून घरी गेली होती, त्याचं काय करायचं? बैठकीत मागचा कागद कोणाच्याच हाताशी नव्हता, म्हणून पुढचा कागद तपासता येत नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. कोणत्याही खात्याने नवं काही सांगायच्या आधी मागच्या बैठकीत काय कबूल केलं होतं आणि त्याचं काय झालं, हे सांगायचं. बाकी सगळं त्यानंतर. ही काही आमची अक्कल नव्हे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अंदाजपत्रक ठरवण्यात रहिवाशांना सामील करून घेतलं. लोकांनी स्वतः कामं निवडली म्हणून त्या शहराचं नाव जगभर झालं. पण तिथली दरवर्षीची फेरी सुरू व्हायची ती गेल्या वर्षी ठरलेल्या कामांच्या हिशेबाने. आधी झाडाझडती, मग नवी यादी.

खाली जी पद्धत सांगतोय ती कोणत्याही वस्तीला, कितीही मोठ्या गावा-शहराला लागू पडेल. रहिवाशांनी पुढाकार घेतला तरी चालते आणि प्रशासनाने घेतला तरीही.

पहिली पायरी: हद्दी जुळवा

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे टाळतात, आणि म्हणूनच बहुतेक बैठका फसतात.

आपण 'आमचा भाग' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर चार-सहा रस्ते असतात. खात्यांचे नकाशे मात्र वेगळे असतात. पाणीवाले टाकीप्रमाणे भाग पाडतात, वीजवाले फीडरप्रमाणे (उपकेंद्रातून निघणारी मुख्य वाहिनी), पोलीस बीटप्रमाणे (ठरावीक पोलिसांकडे सोपवलेला लहान भाग), कचरागाडी तिच्या फेरीप्रमाणे, अग्निशमन दल केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे. यातल्या कोणत्याही दोन हद्दी सहसा जुळत नाहीत. मग होतं काय, की अधिकारी एका मोठ्या विभागाचा आकडा सांगतात, तो विभाग आपल्या वस्तीच्या दहापट असतो, आणि आपल्या गल्लीतलं दुखणं त्या आकड्यात विरघळून जातं. अधिकारी खोटं बोलत नसतात आणि रहिवासीही नसतात. दोघं वेगवेगळ्या भूभागांबद्दल बोलत असतात.

त्यासाठी एक मोठा नकाशा घ्या. त्यावर प्रत्येक खात्याची हद्द वेगळ्या रंगाने काढा. खात्यांना विचारा, 'तुमच्याकडे आकडे ठेवण्याचा सगळ्यात लहान घटक कोणता?' बीट असेल, टाकी असेल, ट्रान्सफॉर्मर असेल. त्याच घटकाचे आकडे मागा. जो हिशेब खातं मुळातच ठेवतं तो मागितला की 'माहिती गोळा करायला वेळ लागेल' हे कारण उरत नाही.

शिकागोच्या पोलिसांनी १९९३ मध्ये पाच पोलीस विभागांपासून जी सामुदायिक पोलिसिंगची पद्धत सुरू केली, तिच्यात नियमित बैठका व्हायच्या त्या बीटच्या. त्या बीटमधले रहिवासी आणि त्याच बीटवर काम करणारे पोलीस समोरासमोर. शहराची एकूण गुन्हेगारी हा तिथे विषयच नसे. कोणता कोपरा, कोणतं ओसाड घर, कोणती वेळ, यावर बोलणं व्हायचं. हद्द लहान असली की बोलणं आपोआप नेमकं होतं.

दुसरी पायरी: कोणाला आणि किती जणांना बोलवायचं

एका बैठकीला तीनच खाती. सात खाती बोलावलीत तर प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतील, ती स्वागत आणि प्रास्ताविकात जातील. वर्षभराचं वेळापत्रक आधीच ठरवा, प्रत्येक खात्याची पाळी निदान दोनदा यावी असं बघा, आणि सगळ्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कळवा. ज्यांची पाळी नाही त्यांनी फक्त कागद पाठवायचा.

प्रत्येक खात्याकडून दोन माणसं मागा: एक सही करू शकणारं, दुसरं जागेवर काम करणारं. नुसते वरिष्ठ आले तर 'माहिती घेऊन सांगतो' ऐकायला मिळतं. नुसता व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस आला तर त्याला सगळं माहीत असतं पण कबूल काही करता येत नाही, आणि शिव्या मात्र त्यालाच बसतात. हे दुसरं मला फार लागतं. ज्याच्या हातात निर्णय नाही त्याला भर सभेत उभं करून झापणं यात काही शौर्य नाही.

तिसरी पायरी: एका पानाचा अहवाल, आठ दिवस आधी

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या लहान गावांत वार्षिक ग्रामबैठकीच्या आधी गावाचा वार्षिक अहवाल छापून लोकांच्या हाती देण्याची जुनी प्रथा आहे. कागद आधी हातात असला की माणूस प्रश्न घेऊन येतो. नसला की नुसती तक्रार घेऊन येतो.

खात्यांना कोरा नमुना आपणच पाठवा. त्यात पाच रकाने पुरतात:

१. मागच्या बैठकीत कबूल केलेली कामं आणि प्रत्येकाची आजची स्थिती.
२. तक्रारी किती आल्या, किती मिटल्या, तीस दिवसांपेक्षा जुन्या किती पडून आहेत.
३. सेवेचा मुख्य आकडा, आताचा आणि त्याआधीच्या दोन कालावधींचा, शेजारी-शेजारी.
४. पुढच्या बैठकीपर्यंत होणारी कामं, तारखेसह.
५. जे जमलं नाही ते, आणि का.

पाचवा रकाना बहुतेक खाती पहिल्या वर्षी रिकामा ठेवतात. ठेवू द्या. रिकामा रकानाही छापून वाटा. दुसऱ्या वर्षी त्यात काहीतरी येतं.

दुसऱ्या रकान्यात एक खाच आहे. 'मिटली' म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या. काही ठिकाणी तक्रार दुसऱ्या खात्याकडे वर्ग केली की ती मिटली असं धरतात. काही ठिकाणी कर्मचारी जागेवर जाऊन आला की मिटली. तक्रार करणाऱ्याला विचारलं तर खड्डा तिथेच असतो. म्हणून सोबत एक आकडा मागा: मिटल्या म्हणून बंद केलेल्या किती तक्रारी लोकांनी पुन्हा नोंदवल्या?

आणि पडद्यावर दाखवायचं सादरीकरण नको. हा माझा पूर्वग्रह आहे असं म्हणा हवं तर, पण अंधार केलेल्या खोलीत प्रश्न विचारले जात नाहीत असा माझा अनुभव आहे.

आकडे वाचायचे कसे

इथे थोडं थांबू, कारण सभेत सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि तीही प्रामाणिक आकड्यांनी.

आधी सरासरी. समजा दहा तक्रारी आल्या. नऊ एका दिवसात सुटल्या आणि एक सुटायला ९१ दिवस लागले. सरासरी निघते दहा दिवस. प्रत्यक्षात दहा दिवस कोणीच थांबलेलं नाही: नऊ जण खूश आहेत आणि एक जण तीन महिने वैतागलेला आहे. म्हणून सरासरी ऐकली की दोन प्रश्न विचारायचे. निम्म्या तक्रारी किती दिवसांत सुटल्या? आणि सगळ्यात जुनी तक्रार किती दिवसांची आहे?

नंतर छेद. 'चाळीस दिवे दुरुस्त केले' या वाक्याला 'किती पैकी?' हे शेपूट जोडल्याशिवाय अर्थ नाही. बंद पडलेले पन्नास असतील तर शाबासकी, चारशे असतील तर नाही.

आता एकेक सेवा.

*अग्निशमन.* इथला कळीचा प्रश्न आहे: घड्याळ कधी सुरू केलं? फोन वाजल्यापासून, की गाडी केंद्रातून निघाल्यापासून? या दोघांमध्ये फोन उचलणं, पत्ता समजून घेणं, जवानांनी पोशाख चढवून गाडीत बसणं एवढं सगळं येतं. अमेरिकेतली राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना पगारी दलांसाठी जे मानक देते त्यात हे टप्पे वेगवेगळे मोजतात: आगीची खबर आल्यावर निघण्याच्या तयारीला ८० सेकंद, पहिल्या गाडीच्या प्रवासाला २४० सेकंद. आणि हे सरासरीने नाही, तर निदान ९० टक्के वेळा जमायला हवं. आपल्याकडचं मानक काय असेल ते असो, टप्पे वेगळे करून मागायला काहीच हरकत नाही. कुठला टप्पा लांबतोय त्यावर उपाय ठरतो: पत्ता सापडत नसेल तर पाट्या लावायच्या, रस्ता अडत असेल तर गाड्या हलवायच्या. यातलं निम्मं काम रहिवाशांचंच निघतं.

*पाणी.* टाकी भरली म्हणजे पाणी पोचलं असं नाही. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब किती, हे विचारा. टाकीजवळच्या घरांना प्रश्न नसतो, टोकाच्या घरांना असतो, आणि सभेत नेमके टाकीजवळचे लोक जास्त येतात. गुणवत्तेबद्दल विचारायचं तर नमुना कुठून घेतला हे आधी विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरिन उरायला हवं, आणि १०० मिलिलिटरच्या नमुन्यात ई-कोलाय जिवाणू अजिबात सापडता कामा नये. शुद्धीकरण केंद्राच्या दाराशी घेतलेला नमुना उत्तम असणारच. टोकाच्या नळाचा आकडा मागा.

'गळती' हा शब्दही सैल वापरला जातो. ज्या पाण्याचे पैसे मिळत नाहीत त्या सगळ्याला एकत्र मोजतात, तेव्हा त्यात फुटलेल्या वाहिन्यांबरोबर चोरी, बिघडलेली मीटर आणि फुकट दिलेलं पाणीही असतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा. फुटक्या वाहिनीतली खरी गळती ओळखायची एक सोपी खूण आहे. जिथे चोवीस तास पाणी असतं तिथे पहाटे दोन ते चारच्या सुमारास वस्ती झोपलेली असताना किती पाणी आत जातंय ते बघायचं. कोणी वापरत नसताना जे वाहतंय, त्यातलं बरंचसं जमिनीत चाललंय.

*वीज.* जगभरातल्या वीज कंपन्या मुख्यतः दोन आकडे ठेवतात: एका ग्राहकाची वर्षभरात सरासरी किती वेळा वीज गेली, आणि एकूण किती मिनिटं गेली. दोन्ही मागा, कारण वर्षातून एकदा दहा तास जाणं आणि रोज दहा मिनिटं जाणं ही वेगळी दुखणी आहेत. यात दोन पळवाटा असतात. अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभियांत्रिकी मानकानुसार पाच मिनिटांपर्यंतचा खंड 'क्षणिक' धरून वेगळा काढतात, आणि मोठ्या वादळासारख्या दिवसांचे आकडेही वेगळे ठेवतात. त्यात लबाडी नाही. पण 'वगळून' आणि 'धरून' असे दोन्ही आकडे समोर आले पाहिजेत.

*पोलीस.* नोंदलेले गुन्हे कमी झाले की टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि वाढले की ओरडायचं नाही. लोक तक्रार द्यायला धजावू लागले तरी आकडा वाढतो, आणि नोंदच टाळली तर घटतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून पोलिसांच्या नोंदींखेरीज घरोघरी विचारून वेगळी पाहणी करतात ती याचसाठी: 'गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत काय घडलं?' लहान बैठकीत विचारायचं ते असं: मागच्या वेळी आम्ही जी तीन ठिकाणं सांगितली होती तिथे काय केलंत? गस्त कधी, किती वेळा? चालू तपासाबद्दल उघड सभेत विचारू नका. आरोपी, पीडित, मुलं यांची नावं कोणी घेऊ लागलं तर सूत्रधाराने तिथेच थांबवावं, मग बोलणारा कितीही ज्येष्ठ असो.

*कचरा आणि दवाखाना* यांचं थोडक्यात: कचऱ्याचं वजन विचारू नका, चुकलेल्या फेऱ्या विचारा, आणि वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होतो का ते स्वतः बघून या. दवाखान्यात रिकामी पदं किती आणि कोणती औषधं किती दिवस संपलेली होती, एवढे दोन आकडे बरंच सांगून जातात.

चौथी पायरी: स्वतःचा आकडा आणा

खात्याच्या आकड्यासमोर नुसतं 'आम्हाला तसं वाटत नाही' चालत नाही. बेंगळुरूमध्ये सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये शहरातल्या सेवांचं प्रगतिपुस्तक निघालं. लोकांना विचारून पाणी, वीज, दूरध्वनी अशा यंत्रणांना गुण दिले. मग पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने १९९९ आणि २००३ मध्ये तेच पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी फरक थोडाच होता. ठळक सुधारणा दिसली ती तिसऱ्या वेळी. म्हणजे पहिल्या पाहणीने कोणी हादरून सुधारलं असं झालं नाही. तेच प्रश्न पुन्हा विचारले जाणार आहेत, हे कळल्यावर हालचाल झाली असावी.

आपल्याला एवढं मोठं करायची गरज नाही. तीस घरं निवडा, पण तक्रारवाली तीस नव्हेत. प्रत्येक रस्त्यावरचं दर पाचवं दार, असं काहीतरी. चार प्रश्न. दोन आठवडे पाणी कधी आलं, कधी गेलं, एवढं वहीत लिहून ठेवायला दहा घरांना सांगा. दुसऱ्या बैठकीत तेच प्रश्न, त्याच शब्दांत. शब्द बदलले की तुलना संपली.

याहून धारदार पद्धत राजस्थानात जन्मली. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं मिळवली आणि ती गावासमोर मोठ्याने वाचली. ज्यांची नावं कागदावर होती ती माणसं समोरच बसलेली. मी तर त्या कामावर गेलोच नाही, असं लोक उठून सांगू लागले. पुढे भारतात २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा झाला, त्याची एक मोठी मुळी या सुनावण्यांत आहे.

आपल्या बैठकीत हे असं वापरा: 'आठ रस्ते दुरुस्त केले' असं पानावर असेल तर आठही रस्त्यांची नावं मोठ्याने वाचा. त्या रस्त्यावर राहणारं कोणीतरी हात वर करून 'झालं' किंवा 'नाही झालं' सांगेल. पाच मिनिटांत होतं. याला ना आकडेशास्त्र लागतं ना वाद. आणि कामांची यादी मागूनही मिळत नसेल तर तुमच्याकडे माहितीचा जो कायदा असेल त्याखाली अर्ज करा. बैठकीच्या बऱ्याच आधी, कारण त्याला मुदत लागते.

पाचवी पायरी: बैठकीचा दिवस

दोन तास, त्याहून जास्त नको. पहिली दहा मिनिटं मागच्या कबुल्यांची एकत्र उजळणी. मग प्रत्येक खात्याला अर्धा तास: पाच मिनिटं मागचं, पाच मिनिटं नवं, वीस मिनिटं प्रश्न. शेवटची पंधरा मिनिटं आज झालेल्या कबुल्या वाचून दाखवायला राखून ठेवा, आणि ती काही झालं तरी कापू नका.

दाराशी एक टेबल मांडा. वैयक्तिक तक्रारी, म्हणजे माझं बिल, माझं मीटर, माझ्या गेटसमोरचं झाड, तिथे वहीत नोंदवायच्या आणि क्रमांक द्यायचा. खात्याचा एक कर्मचारी तिथेच बसला तर उत्तम. हे टेबल नसेल तर तुमच्या वीस मिनिटांतली पंधरा एका मीटरवर जातात. तिथे आलेल्या तक्रारी नंतर एकत्र बघा. एकाच गल्लीतल्या सात असतील तर ती वैयक्तिक राहिली नाही, पुढच्या बैठकीचा विषय झाली.

अधिकारी व्यासपीठावर आणि लोक खाली अशी मांडणी टाळा. अर्धवर्तुळात, एकाच पातळीवर खुर्च्या. माइक प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात देऊ नका, स्वयंसेवकाने धरावा. हातातला माइक परत घेणं किती अवघड असतं ते ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक. प्रश्न चिठ्ठीवरही घ्या, कारण भर सभेत बोलायला अनेकांना संकोच वाटतो, त्यातही भाडेकरूंना आणि नव्याने राहायला आलेल्यांना. लोकप्रतिनिधी आले तर आनंद आहे, पण श्रोत्यांत, भाषण नाही. चित्रीकरण होणार असेल तर सुरुवातीलाच सांगा.

सूत्रधार असा हवा ज्याची स्वतःची तक्रार त्या दिवशी नाही. चिडलेला माणूस उठला की त्याला दोन मिनिटं बोलू द्या, मग शांतपणे म्हणा, 'यातलं एक काम आज कबूल करून घ्यायचं तर कोणतं?' राग बहुतेक वेळा प्रश्नाच्या शोधात असतो.

आता उत्तरांबद्दल. काही उत्तरं ऐकायला भरीव असतात आणि वहीत लिहायला गेलं की हाताला काही लागत नाही. ती ओळखायला शिका:

'प्रस्ताव वर पाठवलाय.' कोणत्या तारखेला? जावक क्रमांक? आता कोणाच्या टेबलावर आहे?

'निधी आला की करू.' यंदाच्या अंदाजपत्रकात तरतूद आहे की नाही? नसेल तर ती मागायची शेवटची तारीख कोणती?

'ठेकेदाराला सांगितलंय.' लेखी सांगितलं का? करारात मुदत किती, आणि उशिराबद्दल दंड लावला का?

'ते आमच्याकडे येत नाही.' मग कोणाकडे येतं? त्यांना पत्र तुम्ही पाठवा, प्रत आम्हाला द्या.

'पाठपुरावा सुरू आहे.' यावर मी फक्त पेन उचलून विचारतो, 'काय लिहू?'

पण कोणी सरळ सांगितलं की 'हे यंदा होणार नाही, कारण अमुक', तर त्या उत्तराचा मान ठेवा. स्पष्ट नकार ऐकून सभा अंगावर धावून गेली की पुढच्या वेळी तोच अधिकारी धुक्यातलं उत्तर देतो, आणि त्याला शिकवलेलं आपणच असतो.

सहावी पायरी: कबुलीवही

इतिवृत्त नको. इतिवृत्तात कोण काय बोललं ते सगळं असतं आणि ते कोणी वाचत नाही. एक वही ठेवा, तिला आम्ही कबुलीवही म्हणतो. प्रत्येक कबुलीची एक ओळ: क्रमांक, काय कबूल केलं ते त्यांच्याच शब्दांत, कोणत्या पदावरच्या व्यक्तीने, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय दिसलं की झालं म्हणायचं.

शेवटचा रकाना विसरू नका. 'गटार साफ करू' यात वाद आहे. 'कोपऱ्यापासून शाळेपर्यंतच्या गटारातला गाळ काढून त्याच दिवशी उचलून नेऊ' यात नाही. आमच्याकडे एकदा गाळ निघाला, काठावर ठेवला, पाऊस आला आणि परत आत गेला. साफ केलं होतं हे खरंच होतं.

स्थिती फक्त तीन प्रकारची: झालं, अर्धवट, नाही. 'प्रगतिपथावर' असा चौथा रकाना केलात की सगळं तिकडे सरकेल. 'झालं' हे ठरवायचं त्या जागेजवळ राहणाऱ्या रहिवाशाने, फोटोसह. पुढे ढकललेली कबुली नव्या तारखेने नवी होत नाही; मूळ तारीख शेजारी तशीच राहते. आणि एका खात्याकडून एका बैठकीत चारपेक्षा जास्त कबुल्या घेऊ नका. अकरा घेतल्या की अकराही पडून राहतात.

वहीचं दुसरं पान रहिवाशांचं. अग्निशमनाच्या नळखांबासमोर गाड्या लावणार नाही, मीटरपर्यंत जायची वाट मोकळी ठेवू, कचरा वेगळा देऊ. तेही पुढच्या बैठकीत आधी वाचलं जातं, आणि तिथे 'नाही' लिहायची वेळ आली की सभेचा आवाज जरा खाली येतो.

दोन दिवसांच्या आत या ओळी सगळ्यांना पाठवा, खात्यांनाही. दोन बैठकांच्या बरोबर मध्यावर एक छोटं पत्र: 'तुमच्या चार कबुल्यांपैकी दोन झाल्या, आभार. उरलेल्या दोनची तारीख जवळ आलीय.' अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात महापौर मार्टिन ओ'मॅली यांनी २००० मध्ये खातेप्रमुखांच्या आढाव्याची पद्धत सुरू केली. आकडे आणि नकाशे तर तिथे होतेच, पण खरा धाक होता दोन आठवड्यांनी परत याच खोलीत यायचंय याचा. रहिवाशांना दोन आठवड्यांनी भेटणं जमणार नाही. मधलं पत्र ती जागा थोडीफार भरून काढतं.

खातं येतच नसेल तर

खुर्ची रिकामी ठेवा आणि त्या खात्याच्या थकलेल्या कबुल्या तरीही वाचा. उपहास नको, फक्त वाचन. वाचलेलं पान उपस्थितांच्या संख्येसह वरिष्ठांना पाठवा. मग दोघा-तिघांनी त्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा, का आला नाहीत? बऱ्याचदा कारण मागच्या सभेतच असतं: कोणीतरी एकेरीवर आलेलं असतं आणि बाकीचे गप्प बसलेले असतात.

वर्षाअखेरीस प्रत्येक खात्याच्या कबुल्यांची बेरीज करा: किती झाल्या, किती अर्धवट, किती नाही. ती जाहीर करण्याआधी आठ दिवस त्या खात्याला दाखवा. आपण त्यांच्याकडून आठ दिवस आधी कागद मागतो, मग त्यांनाही तेवढी मुदत मिळायला हवी. चूक असेल तर दुरुस्त करा.

आणि अधिकाऱ्याची बदली झाली की नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात भेटा. अभिनंदनाचा गुच्छ नेलात तर न्या, पण सोबत कबुलीवहीतल्या त्यांच्या खात्याच्या पानांच्या प्रती न्या, आणि एका प्रतीवर पोच घ्या. 'मी नवीन आहे' हे वाक्य बैठकीत यायच्या आधी कार्यालयात येऊन गेलेलं बरं.